पहिल्या ओळीतले गुलाबी घड

काल दुपारी टेम्पो आला आणि अंगणात कागदी पिशव्यांचे गठ्ठे टाकून गेला. पांढऱ्याशुभ्र, एका मापाच्या, कोऱ्या पिशव्या. हल्ली द्राक्षाच्या घडांना घालायला अशा तयार पिशव्या मिळतात. घड आत सोडायचा, वरून चुणी घालून तार पिळायची, झालं काम. मी गठ्ठ्यातून एक पिशवी ओढली आणि उलटीपालटी करून पाहू लागले. टेम्पोवाल्यानं विचारलं, "काय बघताय मावशी? माल एक नंबर हाय."

"वाचायला काहीच नाही हो हिच्यावर," मी म्हणाले.

तो माझ्याकडे जरा काळजीनं बघत गाडीत बसला. त्याची चूक नाही. द्राक्षाच्या घडावर वाचायला काय असणार, असंच कुणालाही वाटेल. पण मी एके काळी या बागेत अख्खा हिवाळा वाचून काढलाय. उभ्यानं, चालता चालता, मान वर करून.

मखमलाबादच्या पुढे आमचा मळा. नाशिक शहर आता रांगत रांगत आमच्या बांधाला येऊन टेकलंय, गच्चीवरून बघितलं की इमारतींचे दिवे दिसतात. मी आले तेव्हा तसं नव्हतं. नव्या शतकाची चार-पाच वर्षं सरली होती, तरी संध्याकाळी इथे फक्त वेली, विहिरीवरची मोटर आणि गंगापूर धरणाकडून येणारं गार वारं. परदेशी जाणारी द्राक्षं दुधट हिरवी असावी लागतात. मण्यांत पाणी उतरायला लागलं आणि त्याच वेळी पहाटेची थंडी आणि दुपारचं ऊन दोन्ही लागलं, की मणी गुलाबी पडतात. चवीला काही वाईट नसतात, उलट गोडच. पण परदेशातल्या माणसाला हिरवं म्हटलं की हिरवंच लागतं. म्हणून घडाला कागद गुंडाळायचा. तेव्हा कुठल्या आल्यात पिशव्या! नाशिकच्या भद्रकालीतून रद्दीचे गठ्ठे यायचे, पानं फाडून दोन तुकडे करायचे, घडाभोवती गुंडाळून वर स्टेपलर मारायचा. या कामाला 'पेपर लावणं' म्हणतात. शहरातली माणसं 'काय गुलाबी थंडी पडलीय' असं म्हणून शाल लपेटून घेतात. आमच्या ह्यांच्यासमोर कुणी तसं म्हटलं की ह्यांच्या कपाळाला आठी पडते.

मी नांदगावची. तिथल्या एका छोट्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचे. लग्नाचं वय उलटून गेलं होतं आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं, कारण वाचायला भरपूर होतं. मग हे स्थळ आलं. दुसरेपणाचं. ह्यांची पहिली बायको आजारपणात गेली होती. मागे दोन मुलं, निकिता चौथीत आणि ओम बालवाडीत. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. बघायला आले तेव्हा हे एवढंच म्हणाले, "मला काय पाहिजे ते विचारू नका. पोरांना तुम्ही आवडल्या पाहिजे." वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, जमेल का? मी म्हणाले, जमेल. वाचनालयात येणाऱ्या पोरांशी माझं छान जमायचं. पण ती पोरं पुस्तक घेऊन आपापल्या आईकडे जायची, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

ओमनं प्रश्न एका दिवसात सोडवला. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका "नवी नवरी कुठंय, नवी सून कुठंय" विचारत होत्या, ते ऐकून त्यानं माझं नाव ठेवलं 'नवी'. "ए नवी, माझी चड्डी कुठं हे?" "नवी, मला पडलो." त्याचं व्याकरण त्याच्यापुरतं होतं. आत्याबाई दटावायच्या, "अरे, नवी काय म्हणतो, भांडं हे का ते?" तर हा म्हणायचा, "मंग जुनी म्हणू?" आज त्याला दाढीमिशा आल्यात, ट्रॅक्टर चालवतो, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून अजून ओरडतो, "नवे, वाढ लवकर." मी आता चांगली जुनी झालेय, पण नाव काही बदललं नाही.

निकिताचं तसं नव्हतं. ती मला काहीच म्हणायची नाही. वाईटसाईट नाही, उद्धट नाही, पण हाकच नाही. माणसाला हाक न मारता एका घरात राहायचं म्हणजे केवढी कसरत, ती मी तिच्याकडे बघून शिकले. भूक लागली की ती दाराच्या चौकटीला टेकून तव्याकडे बघत म्हणायची, "भूक लागलीय." जणू तवा तिला वाढणार होता. काही विचारायचं असलं तर ओममार्फत. "ओम, विचार ना, शाळेचा डबा भरला का." मी समोर दीड हातावर. मी पण खेळात उतरायचे, "ओम, सांग ताईला, भरला. आणि लोणचं पण टाकलंय म्हणावं." ओम दोघींकडे आळीपाळीनं बघायचा आणि वैतागून म्हणायचा, "ऐकलं ना तू!"

एकदा तिची मैत्रीण आली. माझ्याकडे बघून तिनं हळूच विचारलं, "ह्या कोण गं?" मी चुलीजवळ होते, कान टवकारले. निकितानं क्षणभर विचार केला आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, "ह्या आमच्या घरी राहतात." मी भाकरी थापता थापता हसले. मग ती उलटवताना डोळ्यांत पाणी आलं आणि मी धुराच्या नावावर ते खपवलं.

पुढच्या खोलीत तिच्या मम्मीचा फोटो होता. मुलं तिला मम्मी म्हणायची. मी रोज सकाळी त्या फोटोला फूल वाहायचे आणि मनात म्हणायचे, ताई, तुमच्या जागेवर बसायला मी आलेली नाही हो, पण तुमची लेक मला स्टूलसुद्धा देत नाही. एक गंमत माझ्या ध्यानात आली होती. हे आपल्या आईला 'बाई' म्हणायचे. मुलं आजीला आजी, मम्मीला मम्मी. म्हणजे 'आई' हा शब्द त्या घरात कुणालाच दिलेला नव्हता. मोकळाच होता. मी तो मागणार नव्हते. मागून घ्यायची ती गोष्ट नव्हे. पण घरात एक खुर्ची रिकामी असली की येता-जाता नजर जातेच, तसं माझं त्या शब्दाकडे लक्ष जायचं.

आणि तशात पेपर लावायचे दिवस आले.

बागेत कामाला बायका यायच्या, अंगात नवऱ्याचे जुने शर्ट, डोक्याला रुमाल. मीही त्यांच्यात गेले. पहिल्याच दिवशी माझी अब्रू गेली. स्टेपलर माझ्या हातात टिकेना. पिन कागदात जाण्याऐवजी कधी पानात, कधी माझ्या बोटात. आणि त्याहून वाईट म्हणजे कागद हातात आला की मी तो वाचायला लागायचे. कुठल्याशा गावातली चोरी, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, पाककृती, अर्धं सोडवलेलं कोडं. इतर बायकांची ओळ संपायची तेव्हा मी चौथ्या-पाचव्या घडाशी. हे लांबून ओरडायचे, "अगं, पेपर लावायचा अस्तो, वाचायचा नस्तो!" बायका फिदीफिदी हसायच्या. त्यातली एक म्हणायची, "वैनी, काय लिवलंय ते आम्हाला पण सांगा, कामाला हुरूप येईन." मग मी मोठ्यानं वाचायचे आणि सगळ्यांचंच काम थांबायचं. शेवटी आत्याबाईंनी मला बागेतून काढून चहाच्या किटलीवर नेमलं.

रद्दी फाडायचं काम मात्र निकिताचं. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि ओट्यावर गठ्ठा मांडून बसायची. पट्टी धरून सरळ फाडायची, वाकडं एक पान चालायचं नाही. ओम तिच्या शेजारी लुडबुड करायचा. पेपर लावला की द्राक्ष कोवळं राहतं हे त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. मग त्यानं पेरूच्या झाडावरच्या पेरूंना पेपर लावला, मांजराला लावायचा प्रयत्न केला, आजीला जाऊन म्हणाला, "तुला लावू का? मंग तू म्हातारी नाय होणार." आत्याबाई म्हणाल्या, "बाळा, लय उशीर झाला. तुझ्या आजोबानं तव्हाच लावायला पाहिजे होता." त्या दिवशी हसून हसून त्यांना ठसका लागला. आत्याबाई अशा होत्या, बोलायला फटकळ आणि हसायला उदार.

संक्रांत आली. पहिली संक्रांत म्हणून मला माहेरी न्यायला भाऊ येणार होता. सकाळपासून ओम माझ्या मागे मागे. मी भाजी निवडत बसले तर तो अगदी खेटून बसला. बाहेर भावाची हाक ऐकू आली, मी उठायला गेले, तर पदर ओढला जाऊन पोरगं माझ्याबरोबर वर उचललं गेलं. बघते तर त्यानं माझा पदर स्टेपलरनं स्वतःच्या स्वेटरला जोडून टाकलेला. एक पिन नाही, ओळीनं, घडाला मारतात तशा. "हे काय रे?" म्हटलं तर म्हणाला, "आता तू कशी जाशील?" भाऊ दारात उभा, काळी साडी पिनांनी भोकं भोकं झालेली, आणि मी त्या पोराला पोटाशी धरून हसत होते आणि रडतही होते. मुलांना प्रेम आहे असं सांगता येत नाही. हाताशी जे असेल त्यानं ती ते करतात. ओमच्या हाताशी स्टेपलर होता.

पिना काढायला कोण आलं? निकिता. नखानं एकेक पिन उचकटत बसली, चेहरा गंभीर. सगळ्या निघाल्यावर पदराची भोकं बोटानं दाबून सारखी करत ओमला म्हणाली, "ओम, विचार, परत कधी येणार." मी म्हणाले, "सांग ताईला, दोन रात्री राहून येते." ती उठून गेली. मी आले तेव्हा न्हाणीत बंब पेटलेला होता आणि पाणी कढत होतं. आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी नाय बाई पेटवला."

असं आता मागे वळून बघितलं की बरंच काही दिसतं. माझ्या टाचा थंडीनं फुटल्या होत्या तेव्हा मेणाची डबी आपोआप माझ्या चपलांशेजारी आली होती. किटली घेऊन बागेत जाताना वाटेतला दगड कुणीतरी उचलून बांधाला टाकला होता, कारण त्यावर मी आदल्या दिवशी ठेचकाळले होते. आणि एकसारखी दटावणी, हवेला उद्देशून. "पायात काही घालत नाहीत." "स्वेटर दांडीवर काय कामाचा?" मला वाटायचं, पोरीला माझं काहीच पसंत नाही. चौथीतली मुलगी एखाद्या मोठ्या बाईवर इतकी करवादते ती काही परकी समजून नाही, हे कळायला मला वेळ लागला. परक्या माणसाला थंडी वाजली तर आपण काही बोलत नाही.

माझ्या वाचनाच्या खोडीचं तर तिला काय वाटायचं देव जाणे. एक दिवस रद्दीत मला कुठल्याशा रविवारच्या पुरवणीतलं पान सापडलं. हरवलेल्या भावाला शोधत एक बाई कोकणात एकटी जाते, अशी गोष्ट क्रमशः येत होती. त्या पानावर ती एका बंद घराच्या दारात उभी होती, आतून खोकल्याचा आवाज आला आणि खाली 'क्रमशः'. जेवताना मी आपली बडबडत होते, "आता बाई पुढे काय झालं असेल? कोण खोकलं असेल आत?" हे म्हणाले, "कोणी का खोकंना, भाकर दे." ओम म्हणाला, "भूत." निकिता खाली मान घालून जेवत होती.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी, मी किटली घेऊन बागेत शिरले. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीमधून रोजची वाट. घड तोंडासमोर लोंबतात, सगळे कागदातले. पहिल्या ओळीच्या सुरुवातीलाच माझे पाय थांबले. समोरच्या घडावर तीच पुरवणी, तीच गोष्ट, पहिला भाग. बाईचं गाव, भावाचं पत्र येणं बंद होणं. मला योगायोग वाटला. पुढच्या घडाकडे बघितलं, तर दुसरा भाग. त्याच्या पुढे तिसरा. सगळे कागद सुलटे, मजकूर वाटेकडे केलेला, माझ्या नजरेच्या उंचीवर. एरवी कामाच्या बायका कागद उलटा की सुलटा बघतात थोडंच? मी किटली खाली ठेवली. एकेक पाऊल सरकत, एकेक भाग वाचत गेले. मध्ये एखादा भाग नव्हता तिथे कोडं लावलेलं होतं, न सोडवलेलं. बंद घराचं दार उघडलं, आत एक म्हातारा निघाला, त्यानं भावाला पाहिलं होतं. वेलींमधून कोवळं ऊन तिरपं येत होतं, लांब बायका "वैनी, चहा" ओरडत होत्या, आणि मी त्या वाटेवर वाचत उभी होते. अख्ख्या मळ्यात रद्दीचे गठ्ठे एकच माणूस चाळायचं. ओळीच्या शेवटी पोचले तेव्हा चहा पार गार झाला होता.

रात्री जेवताना ताटाकडे बघत निकितानं विचारलं, "मग? सापडला का भाऊ?"

ओम मध्ये नव्हता, तवा मध्ये नव्हता. प्रश्न सरळ मला होता. मी घास तसाच हातात धरून म्हणाले, "नाही गं. शेवटचा भागच नाहीये."

"रद्दीत नव्हता," ती म्हणाली. "सगळे गठ्ठे बघितले."

तो शेवटचा भाग आम्हाला पुढेही कधी मिळाला नाही. ओमचं म्हणणं, भाऊ नाशिकलाच होता, बाई उगाच कोकणात गेली.

फेब्रुवारी संपत आला. द्राक्षात साखर भरली आणि पिंपळगावकडच्या पॅकहाऊसचा माणूस माल बघायला यायचा दिवस ठरला. त्या दिवसाला फार महत्त्व असायचं. तो 'हो' म्हणाला तर माल परदेशी जाणार, 'नाही' म्हणाला तर इथल्या बाजारात. आत्याबाईंनी सकाळीच देवापुढे नारळ ठेवला. तो माणूस आला, चहा घेतला, बागेत शिरला, आणि जे पहिल्यांदा समोर आलं तिथेच त्यानं कागद उघडला. पहिली ओळ, पहिला घड.

घड गुलाबी होता. चक्क. दुसरा उघडला, तोही गुलाबी. तिसरा, चौथा. कोकणात गेलेल्या बाईची सगळी गोष्ट उलगडत गेली आणि आतून एकामागून एक गुलाबी द्राक्षं बाहेर आली. तेव्हा मला दिसलं ते आधी कधी बघितलंच नव्हतं. मजकूर अख्खा वाचता यावा म्हणून कागद घडाभोवती गुंडाळलेला नव्हताच. पुढच्या बाजूनं पडद्यासारखा सपाट धरून वर पिना मारल्या होत्या. मागची बाजू उघडी. आणि ती बरोबर पश्चिमेला, दुपारच्या उन्हाकडे. पहाटेची थंडी आणि दुपारचं ऊन दोन्ही पोटभर मिळालेलं.

ह्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "ही ओळ कोणी लावली?"

बायकांनी डोक्यावरचे रुमाल पुढे ओढले. पॅकहाऊसचा माणूस वहाणेनं माती उकरत उभा. मी कडेला किटली घेऊन उभी होते. मी म्हणाले, "मी लावली."

"तरी मी सांगत होतो!" हे सगळ्यांसमोर कडाडले. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण वर्षाचं पीक डोळ्यासमोर होतं. "हज्जारदा सांगितलं, वाचत बसू नको, वाचत बसू नको. हे काय वाचनालय हाय का? आता ह्यानं सगळ्या बागेला नाय म्हटलं तर..."

"आईनं नाय लावली!"

सगळ्यांनी मागे बघितलं. निकिता शाळेतून येत होती, दप्तर पाठीला, रिबीन सुटलेली. पळत आली आणि माझ्या आणि ह्यांच्या मधे उभी राहिली. "आईला काय बोलता? आईला तर अजून स्टेपलरपण धड धरता येत नाय. तिनं लावले असते तर खालीच पडले असते. मी लावलीय ती ओळ. मला बोला."

ह्यांनी बोलायला उघडलेलं तोंड मिटलं. मग त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि एका पानावर कीड आहे का ते फार बारकाईनं बघू लागले. आत्याबाई ओट्यावरून इथवर आल्या होत्या, त्यांनी पदराला नाक पुसलं. आपण कोणता शब्द बोलून गेलो, याचा निकिताला पत्ताच नव्हता. ती भांडायच्या भरात होती. "आणि गुंडाळून लावलं तर वाचता येतं का पूर्ण?" असा जाब ती बापाला विचारत होती.

पॅकहाऊसच्या माणसानं एक गुलाबी मणी तोंडात टाकला. मग तो आतल्या ओळींत गेला, इथला उघड, तिथला उघड, असं करत शेवटच्या टोकाला पोचला. आतली बाग दुधट हिरवी होती. परत येऊन म्हणाला, "बाकीचा माल पास. ही ओळ तेवढी घरी खा. साखर मात्र हिच्यातच जास्त हे." मग निकिताकडे बघून म्हणाला, "आणि पोरीला काही बोलू नका." 

मी तिथून निघाले ती थेट पुढच्या खोलीत. फोटोसमोर उभी राहिले. ताई, म्हटलं, ऐकलंत ना? आणि मनसोक्त रडले. असा आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि खोटं कशाला बोलू, नंतरही झाला नाही. तिनं मला बावळट ठरवलं होतं, सगळ्या मजूर बायकांसमोर, पाहुण्यासमोर. बावळट ठरवताना आई म्हणाली होती.

पण मनात धाकधूक होतीच. भांडणात निघालेला शब्द, उद्या परत आत गेला तर? ती हाक मी हिशेबात धरली नाही. संध्याकाळी मी चुलीपुढे बसले होते. दारात पावलं वाजली. तव्याकडे बघत कुणी उभं राहिलं नाही. ओमचा दंड धरून त्याला ओढत आणत निकिता म्हणाली, "आई, ह्यानं माझं खोडरबर खाल्लं."

"चव बघितली फक्त," ओम म्हणाला.

मग पुढचा महिनाभर घरात गुलाबी द्राक्षं. डब्यात द्राक्षं, पाहुण्यांना द्राक्षं, नांदगावला करंडी भरून द्राक्षं, उरलेल्यांचे गच्चीवर बेदाणे. हे सुरुवातीला हात लावेनात, मग एका दुपारी जिन्याखाली उभं राहून घडच्या घड खाताना सापडले. मला बघून म्हणाले, "काय एवढी वाईट नाय लागत."

आता निकिता पुण्याला नोकरी करते. स्टेपलर माझ्या हातात अजूनही टिकत नाही, पण कोऱ्या पिशव्यांना तो लागतच नाही. दर वर्षी या दिवसांत ती एका शनिवारी येते. पिशवीतून जुना रविवारचा पेपर काढते, पहिल्या ओळीतल्या पहिल्या घडाला लावते, मजकूर वाटेकडे, पाठ उन्हाला उघडी. हे दर वर्षी कुरकुरतात, "एक घड वाया." दर वर्षी तो गुलाबी होतो. माल बघायला येणारी माणसं बदलली, ती विचारतात, हा एकच असा कसा राहिला? तेव्हा हे स्वतःच सांगतात, "राहू द्या तो. तो मालकिणीचा हे." तो मी शेवटी उतरवते. आधी कागद वाचते, मग द्राक्षं खाते. एरवी मागेल त्याला घमेलं भरून देईन, पण त्यातला मणी मी कुणाला देत नाही. ओम मागतो, त्यालाही नाही.

काल टेम्पो गेला आणि मी त्या कोऱ्या पिशव्यांशेजारी बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. नमस्कार-चमत्कार काही नाही, पलीकडून सरळ दटावणी.

"आई, पहिल्या ओळीला कुणी हात लावायचा नाही. मी येतेय शनिवारी. आणि पायात काहीतरी घाल."